लेकीच्या मशिनखाली

निघाले त्या दिवशी अक्कांनी माझ्या हातातली घराची किल्ली काढून घेतली आणि आपल्या कनवटीला खोचली.

"तीन महिन्यांचं तर हाय. तुळशीला पाणी मी घालीन. मांजरालाबी घालीन."

"मांजराला दूध घाला," मी म्हटलं.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी रडले नाही, त्याही रडल्या नाहीत. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सातारा जिल्ह्यातल्या लहान गावात आमची दोन घरं एका अंगणात आहेत. दोघींचेही नवरे गेले. सेहेचाळीस वर्षं आम्ही एका अंगणात काढली, त्यातली पहिली वीस भांडणात आणि उरलेली सोबतीत. जीप वळली तेव्हा मागं बघितलं तर त्या माझ्या ओट्यावर बसल्या होत्या, स्वतःच्या नाही. फेब्रुवारी संपत आला होता. पुढच्या महिन्यात सगळं जग बंद पडणार आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकले. घटस्थापनेला इथल्या मराठी मंडळींनी माझ्याकडून हे सगळं ऐकलं आणि लिहून द्या म्हणाले, म्हणून लिहिते आहे. तुमच्यातल्या पुष्कळांच्या आया गावी एकट्या आहेत, त्यांनाही वाचून दाखवा.

माझी लेक वैशाली डच लोकांच्या देशात, फेल्डहोवनला राहते. जावई चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत आहेत. वैशाली पुण्यात एक्स-रे काढायची. इथं आली, डच शिकली, चाळिशीला आल्यावर पुन्हा शाळेत बसली आणि आता गावोगाव फिरून सोनोग्राफी करते. फिरती नोकरी आहे. सोमवारी एका गावातल्या सुईणींकडं, मंगळवारी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडं, गाडीच्या मागं मशिनची पेटी. इथं बाळंतपणं शिकलेल्या सुईणी करतात. मला वाटलं होतं सुईणी आमच्याबरोबर संपल्या. इथं त्या गाडी चालवतात.

वैशाली एकटीच. तिच्या पाठीवर कोणी आलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोरीची पाठच वाईट हाय." घरात कोणाची नवी सून आली की वैशालीला तिच्या जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. पोर पाच-सहा वर्षांची होती. तिला वाटायचं आपल्या पाठीला काहीतरी लागलं आहे. एकदा मोरीत ती आरशाकडं पाठ करून, मान वळवून वळवून बघत होती. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "वाईट कुठं हाय ते बघते."

इथं येऊन तीन आठवडे झाले आणि विमानं बंद झाली. मे महिन्यातलं माझं तिकीट आपोआप रद्द झालं. जावई वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये. मी मिक्सर लावला की ते जिन्यावरून हात जोडायचे. कुकरच्या शिटीला तर ते घाबरायचेच. शेवटी मी वैशालीला म्हटलं, "मला तुझ्या गाडीत टाक. मी कुठंही बसून राहीन." आतमध्ये बाहेरच्या माणसाला परवानगी नव्हती, तेव्हा मी गाडीतच बसायची. शेंगा सोलायच्या, काच खाली करून बघत राहायचं. मास्क तेव्हा इथं कोणी लावत नव्हतं. लोक सायकलीवरून उघड्या तोंडानं जात होते. आमच्या गावात पोलीस काठी घेऊन फिरत होते आणि इथं माणसं आईस्क्रीम खात होती. मला धक्काच बसला.

दुसरा धक्का पोटाचा. पहिल्याच आठवड्यात वैशाली गाडीत बसताना म्हणाली, "आज तीन मुली आणि एक मुलगा."

"तू सांगतेस त्यांना?"

"हो. विचारलं तर सांगते."

"अगं, पोलीस धरतील!"

ती हसली. इथं सांगतात, म्हणाली, आणि लोक केक कापतात. आपल्याकडं दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते, इथं मुलगी आहे म्हणून केक.

नवऱ्यांनाही आत जाऊ देत नव्हते. ते गाड्यांच्या मधल्या जागेत उभे राहायचे आणि बायको आतून फोन लावून द्यायची. सहा-सहा फुटी गोरे बाप्ये, हातात फोन धरून, ऊन असो वारा असो. फोन मोठ्यानं लावलेला असायचा, त्यामुळं मला माझ्या लेकीचा आवाज परक्या माणसाच्या फोनमधून ऐकू यायचा. डच मला कळत नाही. पण आवाज कळतो. ती बोलत राहायची, मधेच हसायची, बाप्याही हसायचा.

मी तिला विचारलं होतं, पोटात काही वाईट दिसलं तर काय करतेस? ती म्हणाली, "आम्हाला तोंड न बदलायला शिकवतात. मी बोलत असले तर सगळं ठीक असतं. गप्प झाले की मी मोजत असते. मग पुन्हा मोजते. सांगायचं काम सुईणीचं."

एप्रिलमध्ये एक तांबड्या केसांचा पोरगेला बाप आमच्या गाडीला टेकून उभा होता. फोनमधून वैशाली बोलत होती. मग थांबली. तो दोनदा काहीतरी म्हणाला. फोनमधून उत्तर नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला कळलं होतं आणि त्यालाही कळलं होतं, पण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो खाली फरशीच्या कडेवर बसला. मी दार उघडलं, उतरले, आणि मग दीड मीटरवर थांबले, कारण तसा नियम होता. शेंगांचं ताट हातात धरून मी तशीच उभी राहिले. याची मला अजून लाज वाटते.

वैशाली बाहेर आली, पेटी पुसली, हात पुसले, गाडी चालू केली. पुढच्या गावाला उशीर होत होता. दहा मिनिटांनी म्हणाली, "पोळीचा रोल दे." मी दिला. आमच्या घराण्यात एवढंच बोलतात.

जूनमध्ये तिला नवं मशिन मिळालं. नवं मशिन हाताला बसेपर्यंत या कामातल्या बायका एकमेकींच्या पोटावर फिरवून बघतात, असा त्यांचा रिवाज. आता कोणी कोणाच्या जवळ जायचं नव्हतं, म्हणून घरच्याच माणसावर शिकायचं ठरलं. जावयांना विचारलं तर म्हणाले, "मला गुदगुल्या होतात," आणि वर पळाले. राहिले मी.

"माझ्या पोटात काय दिसणार? पिठलं?"

"आई, चार ग्लास पाणी पी आणि बाथरूमला जाऊ नकोस."

सकाळची वेळ होती, हॉलमध्ये चांगलं ऊन आलं होतं. मी सोफ्यावर आडवी झाले. लेकीसमोर पोट उघडं करायचं म्हणजे मला नको वाटत होतं. तिनं गार चिकट जेल लावलं आणि मशिनचा दांडा फिरवायला लागली. बोलत होती. हे लिव्हर, छान आहे. ही किडनी. पित्ताशयात एक खडा आहे, असू दे. मी म्हटलं, पुष्कळ सामान आहे की.

मग दांडा खाली आला. बेंबीखाली माझ्या पोटावर तीन काळे डाग आहेत. तिनं जेल लावता लावता विचारलं, "हे चुलीवर भाजलेलं ना?" मी हो म्हटलं. लहानपणापासून तिला तेच सांगत आले होते. खरं तर ते बिब्ब्याचे चटके. वैशाली सहा वर्षांची झाली तरी मला दिवस जात नव्हते, म्हणून सासूबाईंनी शेजारच्या गावातली एक बाई आणली होती. सासूबाईंनी हात धरले. अक्कांनी पाय.

दांडा थांबला. वैशाली गप्प झाली.

मी छताकडं बघत होते. ती मोजत असावी. मग पुन्हा मोजत असावी. गाड्यांच्या त्या जागेतला तांबड्या केसांचा पोरगा मला आठवला.

"कॅन्सर असला तर सरळ सांग," मी म्हटलं. "मी काही बोंबलणार नाही."

"कॅन्सर नाही."

"मग तोंड का शिवलंस?"

तिनं दांडा उचलला नाही. "आई, तू तांबी बसवली होतीस?"

"मी? मला कशाला बसवतील? मला दुसरं मूल हवं होतं."

तिनं पडदा माझ्याकडं फिरवला. राखेसारखं सगळं करडं-काळं, आणि त्यात एक पांढरी रेघ. ती म्हणाली, "माणसाच्या अंगात सरळ रेघ नसते. सरळ दिसली की ती बाहेरून आलेली असते." मी बघत राहिले. एवढीशी रेघ.

"माझ्यानंतर तू कुठल्या दवाखान्यात गेली होतीस? पोटासाठी?"

"तुझ्यानंतर मी दवाखान्याची पायरी चढले नाही."

हे माझ्याच तोंडून गेलं आणि मग दोघींनाही कळलं. तिच्याच जन्माच्या वेळची. तालुक्याच्या दवाखान्यात मी दोन दिवस अडले होते, रक्त फार गेलं होतं, तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा पोर शेजारी होती. म्हणजे ती तेवढ्यात बसवली. मला कोणी सांगितलं नाही. अकरा वर्षं मी सोमवार केले. झाडपाल्याची पुडी दुधातून घेतली, कडू जहर. चटके सोसले. सासूबाईंनी ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली होती. आणि तो सगळा वेळ ती रेघ आत बसून होती.

मला वाटलं वैशाली मला काहीतरी म्हणेल. ती जेलचा हात तसाच धरून जमिनीवर बसली. त्रेचाळीस वर्षांची बाई, दोन भाषांत माणसांची पोटं वाचणारी. म्हणाली, "म्हणजे माझी पाठ वाईट नव्हती."

मी उठून बाथरूमला गेले. चार ग्लास पाणी होतं पोटात.

दुपारी अक्कांना फोन लावला. अक्का व्हिडिओचा फोनही कानालाच लावतात, त्यामुळं मला दर वेळी त्यांचा कान आणि कुडीच दिसते. एरवी मी ओरडते, आज ओरडले नाही. सरळ विचारलं, "अक्का, माझ्या पोटात तांबी बसवली होती, तुम्हाला माहीत होतं?"

कुडी हलायची थांबली. मग म्हणाल्या, "व्हय."

"कोणी बसवली?"

"डाक्टरनी. म्हणाले, दुसरं झालं तर बाई हाती लागायची न्हाई. भावोजींनी हो म्हटलं. भावोजींनी आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला."

"आणि मला?"

"तुला कसं सांगायचं?"

"तोंडानं!"

"शकू, तुझं तोंड मला म्हाईत न्हाई का? आत्याबाई एक बोलल्या की तू चार बोलायचीस. एका भांडणात तू सांगून मोकळी झाली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ती काढायला लावली असती. त्यांना नातू पायजे व्हता. तू मेलीस तरी."

ते खरं होतं. मी सांगितलंच असतं. त्याच दिवशी, अंगणात, शेजारणींना ऐकू जाईल असं. माझ्या तोंडामुळं मला माझ्याच पोटातलं कळू दिलं नाही. बरं, नवऱ्यानं जीव वाचवला हेही मान्य. पण मग आईला गप्प बसवायला त्याचं तोंड कुठं गेलं होतं? एसटीची फेरी घेऊन निघून जायचा. चटके दिले त्या दिवशीही मुक्कामी गाडीवर होता. परत आल्यावर त्यानं मला खोबरेल लावून दिलं. तेव्हा मला वाटलं होतं, किती चांगला माणूस.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही माझे पाय धरलेत?"

कान दिसत होता. मग फोन बंद झाला. रेंज गेली की त्यांनी बंद केला हे मी विचारलं नाही. नंतर अडीच महिने त्या दर रविवारी फोन लावायच्या आणि मी उचलायची नाही. वैशाली म्हणायची, "आई, काकू आहेत." मी म्हणायची, "कणीक मळते आहे."

जुलैत तांबी काढली. इथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नम्र होत्या. बरोबर माणूस आणायचं नाही असा नियम, पण मला भाषा येत नाही म्हणून फोन चालू ठेवायला सांगितला. म्हणजे मी आत टेबलावर आणि वैशाली बाहेर गाड्यांच्या जागेत, हातात फोन धरून उभी. फोनमधून म्हणाली, "आई, बाई म्हणताहेत थोडं दुखेल." मी म्हटलं, "त्यांना विचार, बिब्ब्यापेक्षा जास्त का?" तिनं ते भाषांतर केलं नाही. चटक्याचं मी तिला तोवर सांगितलं नव्हतं, ते असं फोनवर कळलं.

बाईंनी ती चिमट्यात धरून दाखवली. काळी पडलेली, बोटाच्या पेराएवढी. मी टाकून द्या म्हटलं. घरी न्यायला ती काय दागिना आहे?

माझा व्हिसा एकदा वाढवून मिळाला होता, दुसऱ्यांदा मिळणार नव्हता. तोवर रोज मी परतीची विमानं विचारायची. आता विमान मिळालं तर मलाच जायचं नव्हतं. ज्या अंगणासाठी सहा महिने तळमळले तिथं मला ते दोन हात दिसायला लागले होते, माझ्या घोट्यांवरचे. वैशाली म्हणाली, पुण्यात खोली बघू का? मी विचार केला. दोन दिवस केला. मग म्हटलं, "नको. माझी किल्ली अक्कांकडं आहे."

ऑगस्टच्या शेवटी गावी पोचले. हातावर शिक्का, चौदा दिवस घराबाहेर यायचं नाही. घर उघडलेलं होतं, झाडलेलं होतं, माठ भरलेला. अक्का अंगणाच्या पलीकडं स्वतःच्या ओट्यावर उभ्या होत्या, तोंडाला पदर. वाळल्या होत्या. दोन वेळा जेवणाचं ताट माझ्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागं जाऊन बसायच्या. मी ताट घ्यायची, खायची, धुऊन ठेवायची. ह्यांच्या फोटोकडं मी बघत नव्हते. हार वाळला होता, तसाच राहू दिला.

पाचव्या दिवशी त्याच बोलल्या. आमच्यामध्ये अख्खं अंगण होतं, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागलं, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं असेल.

"मी धरले नसते तर आत्याबाईंनी दुसरीला धरायला लावले असते. मी ढिले धरले व्हते, शकू."

मी ताट खाली ठेवलं.

"लाथ घातली असतीस तर सुटली असतीस. मी वाट बघत व्हते. तू पायच हलवले न्हाईस."

हे मी विसरले होते. की विसरून टाकलं होतं. मी पाय हलवले नव्हते. मला वाटत होतं, चटका बसला की पोर होईल. मी दात आवळून स्वतःच पाय ताणून धरले होते. अक्कांचे हात ढिले होते की घट्ट, ते मला कळायलाच जागा नव्हती.

"मग सांगायचं होतंत तेव्हा कानात!" मी ओरडले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सांगायचं व्हतं. चुकलंच माझं."

बास. एवढंच मला हवं होतं आणि ते ह्यांच्या फोटोकडून मिळणार नव्हतं. मी ताट उचललं. "आमटीत मीठ जास्त झालंय," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी कमी होतं.

आता मी पुन्हा इथं आहे, फेल्डहोवनला. सगळं जग मोकळं झाल्यावर आले, तीन महिन्यांसाठी. वैशालीच्या गाडीत अजून बसते. नवरे आता आत जातात, गाड्यांची ती जागा रिकामी असते. तिथं फरशीच्या त्या कडेकडं माझं लक्ष जातंच. वैशाली अंघोळीआधी माझ्याकडून पाठीला तेल लावून घ्यायला बसते. पूर्वी कधी बसली नव्हती, मीही कधी बोलावलं नव्हतं. चांगली रुंद पाठ आहे तिची. मी रगडून लावते.

लोक विचारतात, इकडं बरं वाटतं की तिकडं. इकडं लेक आहे. तिकडं माझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असलेली एक म्हातारी आहे, आणि किल्ली अजून तिच्याच कनवटीला आहे. मी परत मागितलेली नाही. बाहेरून आले की मी तिच्या ओट्यावर जाऊन म्हणते, उघडा. तेच माझं घर.

या वेळी निघताना जीप उभी होती, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अक्का, अजून काही लपवलं असेल तर आत्ताच सांगा. तिकडं मशिन आहे."

त्यांनी खरंच विचार केला. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मग म्हणाल्या, "तुझी हिरवी इरकल. तू बाळंतपणाला गेली व्हतीस तवा मी नेसले व्हते, दोन दिवस."

"ते माहीत आहे," मी म्हटलं. "हळदीचा डाग लावून ठेवलीत."